मोठ्या बाईंनी केलेली उत्तरपूजा

आमच्या शाळेत हजेरीला कोणी 'हजर' म्हणत नसे. मोठ्या बाई नाव पुकारत आणि आम्ही उत्तर द्यायचं, "पानी पेलो, बाई." जिनं पाणी प्यायलं नसेल तिनं गप्प बसायचं. मग बाई दौत-टाक बाजूला सारत, तिला हौदाकडे पाठवत आणि ती ओठ पुसत परत येईपर्यंत पुढचं नाव घेत नसत. नवे आलेले इन्स्पेक्टरसाहेब एकदा ही हजेरी ऐकून चक्रावले. "ही काय पद्धत?" त्यांनी विचारलं. बाई म्हणाल्या, "पोरगी हजर आहे ते मले डोळ्यानं दिसते, साहेब. पानी पेली का नाई ते दिसत नाई." साहेबांनी यावर काय शेरा मारला ठाऊक नाही. जाताना मात्र तेही हौदावर ओंजळभर पाणी पिऊन गेले.

चंद्रपूरला तेव्हा सगळे चांदाच म्हणत. परकोटाच्या आत, दगडी भिंतीला जवळजवळ टेकून, आमची मुलींची शाळा होती. गावातल्या काही व्यापाऱ्यांनी आणि वकिलांनी मंडळ काढून ती चालवली होती. मोठ्या बाई म्हणजे तिथल्या मुख्याध्यापिका. उंच, काळ्यासावळ्या, पांढरं खादीचं लुगडं, पायात पुरुषी वहाणा. त्यांचं लग्न झालं होतं की नव्हतं हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही, आणि विचारायची कोणाची छाती नव्हती. काखेत बारा महिने काळी छत्री. ती त्या पावसात उघडत, उन्हात उघडत आणि एरवी तिनं जमीन, भिंत, बाक, प्रसंगी आमची उंचीही मोजत. "दीड छत्री लांब पोरगी झाली, अजून पाढे येत नाई," असं म्हणत.

बाईंच्या बोलण्यातही एक गंमत होती. वर्गात त्या पुस्तकासारखं बोलत. 'मला', 'तुला', 'का बरं' सगळं जागच्या जागी. पण एकदा का हट्टाला पेटल्या की पुस्तक मिटायचं आणि आमच्या जंगली मुलखाची, झाडीची बोली सुरू व्हायची, जिच्यात बायकाही 'मी जातो' असंच म्हणतात. बाईंच्या तोंडून 'का बरं'च्या जागी 'काऊन' आलं की समोरच्यानं ओळखावं, आता आपलं काही चालायचं नाही. मंडळाच्या चिटणीसांना हे उशिरा कळलं.

बाई आमच्या शाळेत आल्या त्या वर्षीच्या एप्रिलमधली गोष्ट. शाळा सकाळची होती, पण चांद्याचं ऊन सकाळीच तापतं. प्रार्थनेच्या रांगेत सातवीतली एक मुलगी चक्कर येऊन पडली. शिक्षिका म्हणाल्या उपाशी असेल, उपास असेल. बाईंनी तिच्या हाताच्या पाठीची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली, लवकर खाली बसेना. मग बाई सगळ्या रांगेतून तसे चिमटे घेत फिरल्या. आम्हाला वाटलं शिक्षा चालू आहे; अंगात पाणी कमी असलं की कातडी अशी उभी राहते, हे पुढं कळलं. मधल्या सुट्टीत त्या व्हरांड्यात रांजणापाशी स्टूल टाकून बसल्या. रांजणाकडे एकही मोठी मुलगी फिरकली नाही.

मी सहावीत होते आणि रांजणाच्या जवळून जायची चूक माझ्याकडून झाली. बाईंनी मला धरलं. "कौसल्या, तहान नाही लागत?"

"लागते, बाई."

"मग पीत का नाहीस?"

मी रांजणावरचं झाकण नीट करू लागले. बाईंनी पुन्हा विचारलं, यावेळी हलक्या आवाजात, "काऊन नाई पेत वं?"

त्या 'वं'नं माझं तोंड उघडलं. मी म्हटलं, "पानी पेलो त मंग जा लागते, बाई."

जायचं म्हणजे कुठं, तर परकोटाच्या मागं. तिथं घाणेरीची झुडपं होती, पण वर भिंतीवर रिकामटेकडी माणसं पाय सोडून बसलेली असत. लहान मुली जात. मोठ्या मुली सकाळपासून पाण्याचा थेंब घेत नसत आणि घरी पोचेपर्यंत कळ काढत. सहावी-सातवीपर्यंत पोचलेल्या मुली मग एक-एक करून शाळाच सोडत. घरचे कारण सांगत, घरात काम आहे, धाकटं भावंड आहे. खरं कारण आया जाणत आणि बापांना सांगत नसत. बाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं, छत्री उचलली आणि एकट्याच परकोटामागं जाऊन आल्या.

त्याच महिन्यात मला उन्हाळी लागली. लघवीला आग व्हायची, ताप चढला. आमचं घर तलावाच्या काठी, मासेमारीवर चालणारं. आईनं धन्याचं पाणी पाजलं आणि बाला खरं काय ते सांगून टाकलं. बानं माझी पाटी उचलून आढ्यावर ठेवली. शाळा उघडायच्या सुमारास मला आष्टीकडे मामाच्या गावी धाडायचं ठरलं. मामाकडे गेलेल्या आमच्या नात्यातल्या मुली लग्न करूनच सासरी जायच्या. ते मला कोणी सांगायची गरज नव्हती.

दोन-चार दिवसांत बाई आमच्या दारात. बा अंगणात जाळं विणत बसला होता. बाईंनी वहाणा काढल्या, आई घोंगडी आणायला आत गेली, तोवर त्या ओट्यावर बसल्यासुद्धा.

"भाऊ, पोरगी काऊन घरी ठेवली?"

"तुमच्या शाळेनं बिमार पाडली म्हनून," बा म्हणाला. त्यानं मान वर केली नाही. "मले शिकवाची हौस आहे, बाई. आमच्यात पोरगी सहावीत गेली नाई कोनाची. पन तिले जाची जागा नाई, त मी काय करू?"

"जागा मी करतो."

"करा. जागा झाली अन् पोरी तिथी जाऊन राह्यल्या, असं मी आयकलं, का मंग धाडतो. नुसती बांधून ठेवली त माह्या काय कामाची?"

"बरोबर बोलले," बाई म्हणाल्या आणि उठल्या. मला वाटलं होतं, त्या बाशी भांडतील. पुढं कळलं, त्यांना बाचं म्हणणं पटलं होतं आणि पटलेल्या गोष्टीवर त्या शब्द वाया घालवत नसत.

मंडळाच्या सभेत बाईंनी विषय काढला तेव्हा हार्मोनियम आणायची चर्चा चालू होती. मुलींच्या शाळेत गाणं हवं, असं अध्यक्ष शेठजींचं मत. शेठजी माणूस भला, पण सभेत 'संडास' हा शब्द बाईमाणसाच्या तोंडून ऐकून ते भिंतीवरच्या घड्याळाकडे बघू लागले. बाई म्हणाल्या, "आणा ना हार्मोनियम. पण कळ धरून गाता येतं का, ते तुम्हीच एकदा गाऊन सांगा." सभेत हसू फुटलं आणि हसू फुटलं की शेठजी विरघळत. मंजुरी मिळाली. मग चिटणीस म्हणाले, रस्त्याच्या बाजूनं टोपलीचे संडास बांधू, सफाईवाली बाहेरच्या बाहेर टोपली उचलून नेईल. इथं बाईंची झाडी सुरू झाली. "माह्या पोरीचं कोनाच्या डोस्क्यावर नाई जानार. तसं असन त मले संडास नाई पायजे, पोरी बी नाई पायजे, मी घरी जातो."

तरुणपणी बाई वर्ध्याकडच्या एका आश्रमात काही काळ राहिल्या होत्या. तिथं शिकलेली रीत त्यांनी इथं आणली. बैठकीखाली वाकडं भांडं, त्यात पाणी अडून राहतं म्हणून वास वर येत नाही, आणि मागं दोन खड्डे. एक भरला की दुसरा सुरू, तोवर पहिल्याची माती होते. कोणाला हात लावावा लागत नाही. खड्डे विहिरीपासून लांब हवेत म्हणून भर उन्हात बाई अंगणात छत्री आडवी टाकत, उचलत, पुन्हा टाकत मोजत निघाल्या. चिटणीसांनी टेप पुढं केला. "राहू द्या," बाई म्हणाल्या, "टेप तुमच्या कपाटात जाऊन बसेल. छत्री रोज माझ्याजवळ असते."

उन्हाळ्याच्या सुट्टीत खोदकाम झालं. पालकांना बाईंनी घरोघर जाऊन बोलावलं होतं. गावानं त्यांना 'संडासबाई' नाव ठेवलं ते याच दिवसांत. बाजारात पोरं मागून ओरडत. बाई वळून म्हणत, "हो, तीच मी. तुह्या बापाले रविवारी कुदळ घेऊन धाड." बा पण आला. नुसता बघायला म्हणून आला, पण उभ्या उभ्या बघणं त्याला कधी जमलं नाही. दुपारपर्यंत तो छातीइतक्या खड्ड्यात होता. विहिरीचा गाळही याच माणसांनी उपसला. विहिरीवर सागाच्या फळ्या टाकून झाकण बसवलं, हातपंप लावला आणि शेजारी सिमेंटचा हौद बांधून त्याला पितळी तोट्या बसवल्या. रांजणातून पाणी कोणी काढायचं, कोणी कोणाला वाढायचं, यावरून आमच्याकडे आजवर जे काय चालत असे ते तोट्या लागल्यावर चालवायला जागा उरली नाही. एका पालकानं तरी विचारलंच, "पानी कोनाच्या हातचं?" बाई म्हणाल्या, "तोटीच्या हातचं."

आणि मग बाईंच्या हातून ती चूक झाली. इतकी शहाणी बाई, पण आनंदात माणूस घसरतं.

शाळा उघडली त्या दिवशी उद्घाटन ठेवलं. संडासाला गावानं नाकं मुरडली होती, म्हणून बाईंना तो थाटात उघडायचा होता. आंब्याच्या पानांचं तोरण लावलं. उंबऱ्यावर रांगोळी घातली. शेठाणीबाईंनी दारांवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, हळद वाहिली, कोनाड्यात कलश मांडून त्यावर नारळ ठेवला, समई लावली. भटजींनी मंत्र म्हटले. शेठजींनी दुसरा नारळ फोडला आणि खोबऱ्याचा प्रसाद सगळ्यांना वाटला. बाईंचा चेहरा लग्नघरातल्या वधूच्या आईसारखा झाला होता. बा पाठीमागं उभा होता. जाताना म्हणाला, "पाटी राहू दे, चार दिवस तशीच जाऊन पाह्य. पोरी जाऊन राह्यल्या त राह्य. नाई त मामा येऊनच राह्यला न्याले."

कोणीच गेलं नाही. जाणार कसं? ज्या दारावर स्वस्तिक, ज्याच्या उंबऱ्याला हळदकुंकू, जिथला प्रसाद आपण खाल्ला, तिथं बसायचं? मुली त्या बाजूनं जाताना हात जोडू लागल्या. कोणी चपला काढून पुढं जाई. एका सकाळी कोनाड्यात उदबत्ती लागलेली दिसली आणि सातवीतली एक मुलगी, गणित कच्चं असलेली, डोळे मिटून तिथं उभी होती. गावात तर आमच्या शाळेत नवं देऊळ झालं, अशी थट्टा सुरू झाली. आम्ही पूर्वीसारख्याच कोरड्या तोंडानं वर्गात बसत होतो. मी दिवस मोजत होते. मामा आला होता आणि ओट्यावर बाशेजारी बसून मासे किती लागतात त्याच्या गोष्टी करत होता.

बाईंनी दारं धुवायला घेतली तेव्हा शेठाणीबाई धावत आल्या. "कुंकू पुसता काय बाई? मी स्वतःच्या हातानं काढलं." बाई ओला फडका हातात धरून तशाच थांबल्या. त्या दिवशी त्यांनी पाचवीला भूगोल शिकवताना सहावीचा धडा घेतला, आणि कोणी बोललं तर त्यांना ऐकूही गेलं नाही. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत घंटा वाजली आणि सगळ्या शाळेला अंगणात उभं राहायला सांगितलं. शेठाणीबाईंनाही बोलावणं गेलं होतं. बाईंच्या हातात तबक, त्यात अक्षता आणि फुलं.

"आपण देव बसवला होता," बाई म्हणाल्या. "बसवलेला देव आपण दर वर्षी उठवतो. उत्तरपूजा करतो आणि निरोप देतो. आज तीच करायची आहे."

"असा देव उठवता येते काय?" शेठाणीबाई म्हणाल्या.

"भादव्यात तुम्हीच उठवता ना, बाई? त्याले राग आला काय कधी?"

शेठाणीबाईंनी डोक्यावर पदर घेतला. बाईंनी फूल वाहिलं, अक्षता टाकल्या, गणपती हलवतात तसा कलश उजव्या हातानं थोडासा हलवला. मंत्र त्यांनी स्वतःच म्हटला. शेवटचं 'पुनरागमनाय च', म्हणजे 'पुन्हा येण्यासाठी', तेवढं त्यांनी म्हटलं नाही, आणि ते आमच्यातल्या पुष्कळ जणींच्या लक्षात आलं. मग कलश आणि समई तबकात घेऊन त्या विहिरीपाशी गेल्या आणि तिथल्या कठड्यावर मांडल्या. "देव इथी राहीन. पान्यापाशी." शेठाणीबाईंनी स्वतः पदरानं दारावरचं कुंकू पुसलं. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

तबक ठेवून बाईंनी पितळी लोटा तोटीखाली धरला. भरेपर्यंत वाट पाहिली. आणि मग सगळ्या शाळेसमोरून, शिक्षिकांसमोरून, शेठाणीबाईंसमोरून, भर दिवसा, हातात लोटा घेऊन मोठ्या बाई अंगण ओलांडून गेल्या. ज्या काळात बायका हे काम अंधार पाहून करत, त्या काळात. दार लागलं. कडीचा आवाज आला. बाई बाहेर आल्या, साबणानं सावकाश हात धुतले, पदराला पुसले आणि आमच्याकडे पाहून म्हणाल्या, "आता कोन येते?"

कोणी हललं नाही. बाई उभ्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे होतं ते मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. इतका वेळ सगळ्या गावाला पुरून उरलेली ही बाई आता आमच्यापैकी एकीच्या भरवशावर उभी होती. मला मामा आठवला, आढ्यावरची पाटी आठवली. मी रांगेतून निघाले आणि बाईंच्या हातातून लोटा घेऊन तोटीखाली भरला.

खरं सांगते, मला लागलीच नव्हती. सकाळपासून पाणी प्यायलेच नव्हते तर लागणार कुठून? आत चुन्याचा ताजा वास होता, वरच्या जाळीतून ऊन येत होतं, आणि परकोटामागं कधीच मिळाली नव्हती अशी एकटेपणाची शांतता होती. मी थोडा वेळ नुसती उभी राहिले. मग बाहेर सगळ्यांना ऐकू जाईल असा लोटा ओतला. बाहेर आले तेव्हा दारात तिसरी उभी होती. तिच्या मागं चौथी. हौदावर तर झुंबड उडाली, कारण आता प्यायला हरकत नव्हती. पोट दुखेपर्यंत आम्ही पाणी प्यालो.

संध्याकाळी घरी गेल्यावर मी बाला सांगितलं. त्यानं एवढंच विचारलं, "तू गेली?" मी म्हटलं, "गेलो." मामा दुसऱ्या दिवशी एकटाच परत गेला. बानं पाटी खाली काढली, फडक्यानं पुसली आणि मला देताना म्हणाला, "ती बाई हट्टी आहे. तिच्यासंगं राह्य." सातवीची परीक्षा मी चांगल्या गुणांनी पास झाले. आमच्या काठावरची पहिली.

हजेरीची पद्धत त्या दिवसानंतर सुरू झाली. शनिवारी सफाईची पाळी असे, सगळ्या जातींच्या सगळ्या मुलींची, आणि पहिला झाडू बाईंचा. एका आईनं कळवलं, आमची मुलगी हे काम करणार नाही. बाई म्हणाल्या, बरं, तिच्या वाटचं मी करते. आणि खरंच दर शनिवारी आपली पाळी झाल्यावर त्या पुन्हा झाडू घेत. त्या मुलीनं शेवटी रडत रडत बाईंच्या हातातून झाडू ओढून घेतला. पुढं आमचा जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला. नागपूरच्या ऐवजी मुंबईचे कागद येऊ लागले, गावात मोठ्या चर्चा झाल्या. बाईंचं मत विचारलं तर म्हणाल्या, "राजधानी कुठीही न्या. पोरीले जावंच लागते."

मी मास्तरकीचा कोर्स करून एटापल्लीकडच्या जंगलात एका शाळेवर गेले. तिथंही तीच गत होती. मी विहीर झाकायला लावली आणि दोन खड्ड्यांचे संडास बांधायला लावले. उद्घाटनाला गावकरी नारळ आणि फुलं घेऊन आले, तेव्हा मी सगळं साहित्य गोळा करून विहिरीवर नेलं आणि नारळ तिथंच फोडला. मग लोटा भरून सगळ्यांच्या देखत गेले. तेव्हा मला कळलं, बाईंनाही त्या दिवशी ते अंगण किती लांब वाटलं असेल.

सुट्टीत मी बाईंना भेटायला गेले. त्या तोवर निवृत्त होऊन आरमोरीकडे भाचीजवळ राहत होत्या. डोळे गेल्यात जमा होते. खाटेवर बसलेल्या, छत्री उशाशी. मी हौसेनं सगळं सांगितलं. नारळाचं ऐकून त्या खूप हसल्या. मग विचारलं, "पह्यली कोन गेली?"

"मी गेलो, बाई."

"अन् दुसरी?"

"चिन्नी म्हणून एक माडिया गोंडाची पोरगी आहे. चौथीतली. तिले मराठी धड येत नाई अजून."

हातानं चाचपत त्यांनी माझा हात धरला. "तिचं नाव इसरू नको," त्या म्हणाल्या. "पह्यलीले त जावंच लागते, ती मास्तरीन असते. दुसरीले कोनी जा म्हनत नाई. मी रोज लोटा घेऊन गेलो असतो, कौसल्या, अन् रोज एकटीच परत आलो असतो. त्या दिवशी तू निघाली नसती त मी राजीनामा लिहून ठेवला होता."

इतक्या वर्षांत हे त्या कोणाला बोलल्या नव्हत्या. मला रडू आलं. मला वाटायचं त्या दिवशी बाईंनी माझी शाळा वाचवली. त्यांची शाळा माझ्यावर टांगलेली होती हे मला ठाऊकच नव्हतं.

बाईंनी माझ्या हाताच्या पाठीची कातडी चिमटीत धरली, सोडली आणि बोटानं चाचपून पाहिली. मग भाचीला हाक मारली, "पानी आन वं हिच्यासाठी. उन्हातून आली." मी पेला संपवेपर्यंत त्या कान देऊन बसल्या होत्या.